एका लेबलाची दुरुस्ती

गेल्या वैशाखात एक निवृत्त शिक्षक आमच्या मालगुंडच्या घरी आले. रत्नागिरी तालुक्याच्या भूगोलावर ते बरीच वर्षे टिपणे काढत आहेत. ओटीवर बसून पाणी प्यायल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुनी पुस्तिका काढली आणि पेन्सिलीने खूण केलेले पान माझ्यापुढे धरले. गावोगावच्या दगडमातीची त्यात यादी होती. मालगुंडपुढे छापले होते : 'हॉर्नब्लेण्डेयुक्त खडक'.

"शेवटचा 'डे' छपाईची चूक असणार," ते म्हणाले. "पण ताई, बाकीचे खरे असेल तर ही मोठी गोष्ट आहे."

त्यांचे म्हणणे सरळ होते. हॉर्नब्लेंड हे काळे खनिज प्रामुख्याने ग्रॅनाइट, पट्टिताश्म अशा खडकांत सापडते. आपला काळा कातळ लाव्ह्याचा, दक्षिण ट्रॅपचा. सिंधुदुर्गाच्या दक्षिणेकडे त्याच्या खालचे फार जुने खडक उघडे पडले आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच खडक मालगुंडलाही वर डोकावत असतील, तर इथल्या लाव्ह्याच्या थराविषयी आजवर जे मानले गेले ते पुन्हा तपासायला हवे. त्यांनी त्यावर चार पानांचे टिपण लिहूनही ठेवले होते. कुठेतरी छापायला पाठवण्याआधी गावातल्या कुणाला तरी विचारावे, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

मी "बघते" म्हणाले. ते गेले, आणि तो 'डे' मात्र मनात राहिला. रात्री भांडी आवरताना आठवले. ती छपाईची चूक नव्हती. तो माझाच 'डे' होता.

1997 साली गावाजवळच्या एका शाळेला मी काही दगड दिले होते. प्रत्येकाला पुठ्ठ्याचे लेबल बांधले होते. इंग्रजी पुस्तकातले नाव अक्षर अक्षर लावून वाचायचे आणि जसे वाचले तसे लिहायचे, एवढीच तेव्हा माझी विद्या. शेवटचे 'ई' मुके असते हे कुणी सांगितले नव्हते. म्हणून मी लिहिले 'हॉर्नब्लेण्डे'. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक एका पोथीतली विशिष्ट चूक दुसऱ्या पोथीत सापडली की दुसरी पहिलीवरून उतरली असे ओळखतात. इथे तसेच झाले होते. पुस्तिकेच्या लेखकाने शाळेतले कपाट पाहिले, लेबल उतरवून घेतले, आणि माझ्या तिशीच्या आतल्या अंदाजाला छापील पुराव्याचे रूप आले. आता तोच पुरावा तपासायला माझ्याकडे आला होता.

मी भूशास्त्र शिकलेली नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्याचे काम, एवढेच कागदावरचे. बाकी सारे मराठी विश्वकोशाच्या खंडांतून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेल्या चारसहा इंग्रजी पुस्तकांतून आणि विहिरी खणणाऱ्या लोकांकडून आलेले. त्यातही या शेवटच्यांकडून जास्त. खडक कुठे बदलतो ते पहारीच्या आवाजावरून त्यांना कळते.

तो दगडही विहिरीतूनच आला होता. शेजाऱ्यांची विहीर आटली म्हणून ती खोल करायला घेतली. वरचा जांभा संपला, त्याखालची चिकट, पांढरट-जांभळी माती संपली आणि सुरुंग लावावा लागेल असा काळवत्री लागला. त्यातला नारळाएवढा तुकडा मी उचलून आणला, कारण तो नेहमीच्या कातळासारखा नव्हता. आपला रोजचा काळा दगड इतका बारीक कणांचा असतो की नुसत्या डोळ्यांना त्यात काहीच वेगळे दिसत नाही. या तुकड्यात मात्र पांढुरक्या काड्या दिसत होत्या, आणि त्यांच्या मधूनमधून मसुराएवढे, काही वालाच्या दाण्याएवढे काळे, चकाकणारे स्फटिक. उन्हात दगड फिरवला की एकेक स्फटिक आरशासारखा लखकन चमकायचा.

माझ्या पुस्तकात हॉर्नब्लेंडचे चित्र होते : काळे, चमकदार, लांबट. मी ते चित्र पाहिले, दगड पाहिला आणि लेबल लिहिले. ऑजाइट हे नाव तोवर मी ऐकलेलेच नव्हते. ज्याचे नाव ठाऊक असते तेच आपल्याला सापडते, असा अनुभव मला पुढेही बरेचदा आला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. कपाट होते, दगडही होता, लेबलावरची शाई तपकिरी पडली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत नोंद करून तो मला घरी नेऊ दिला, आणि एका कोपऱ्याचा तुकडा फोडण्याची परवानगीही दिली.

काळे स्फटिक ओळखायचे म्हटले की पहिली अडचण त्यांच्या काळेपणाचीच असते. खनिजाच्या जडणघडणीत लोह शिरले की रंग गडद होतो, मग ते खनिज कोणत्याही कुळातले असो. त्यामुळे काळा रंग हा सर्वांत निरुपयोगी साक्षीदार. ऑजाइट, हॉर्नब्लेंड, काळा अभ्रक, टूर्मलीन, मॅग्नेटाइट, इल्मेनाइट ही सहाही काळी, आणि सहाही चमकतात.

रंगाआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : स्फटिक बसला आहे कुठे? आपल्या लाव्ह्याच्या खडकांत वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या असतात. त्यांत मागाहून झिरपलेल्या कढत पाण्यातून झिओलाइटसारखी पांढरी, गुलाबी खनिजे वाढतात. महाराष्ट्रातली ही खनिजे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. क्वचित अशा पोकळीत काळे स्फटिकही मिळतात. मुंबईत कांदिवलीच्या खाणींतून बॅबिंग्टोनाइट नावाचे हिरवट काळे, काचेसारखे खनिज मिळाले आहे. पोकळीतला स्फटिक म्हणजे घर बांधून झाल्यावर राहायला आलेला भाडेकरू. माझ्या दगडात पोकळी नव्हती. काळे स्फटिक आणि पांढऱ्या काड्या एकमेकांत घट्ट गुंतलेल्या होत्या, काही ठिकाणी पांढरी काडी काळ्या स्फटिकाच्या पोटात आरपार गेलेली. म्हणजे ही भिंतीतलीच वीट. वितळलेला रस थिजतानाच दोघे तयार झाले.

ते एवढे मोठे का झाले, याचेही उत्तर त्यातच आहे. लाव्हा पृष्ठभागावर लवकर निवतो आणि कण बारीक राहतात. जाड थराच्या पोटात, किंवा भेगेत शिरून भिंतीसारख्या उभ्या थिजलेल्या रसात, उष्णता कोंडून राहते आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो. अशा मध्यम कणांच्या खडकाला डोलेराइट म्हणतात. पांढऱ्या काड्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या. त्यांच्याबद्दल वाद नव्हता. वाद काळ्यांबद्दल होता.

सुरुवात लोहचुंबकापासून केली. दोऱ्याला टांगलेला चुंबक दगडाजवळ नेला तर तो हलकेच दगडाकडे कलला. इथे पुष्कळ लोक फसतात. 'चुंबक ओढतो, काळा आहे, जड आहे, म्हणजे उल्का' असे सांगत दगड घेऊन आलेली चारपाच माणसे तरी मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाला तर कुणी तरी फोनवर किंमतही सांगितली होती. त्याला घाटावरचा कुठलाही काळा दगड टांगत्या चुंबकाजवळ धरून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि मलाच वाईट वाटले. आपल्या सगळ्या काळ्या कातळात मॅग्नेटाइटचे बारीक कण विखुरलेले असतात. हे कण म्हणजे थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसलेल्या होकायंत्राच्या सुया. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी 1956 साली दक्षिण ट्रॅपमधली ही दिशा मोजून दाखवली. तिच्यावरून कळते की सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

तर, दगड चुंबक ओढतो यावरून स्फटिकाबद्दल काही ठरत नाही. स्फटिक वेगळा काढायला हवा. छिन्नीने एक काळा स्फटिक मोकळा केला, कागदावर ठेवला, चुंबक टेकवला. तो ढिम्म हलला नाही. त्याची पूड करताना मात्र दोनचार कण चुंबकाला चिकटले. ते स्फटिकात अडकलेले मॅग्नेटाइट. त्यांच्यामुळे मी पहिल्या दिवशी उगीच गोंधळले.

मग कस. सोन्याचा कस लावतात तसाच खनिजाचा लावायचा, फक्त इथे कसोटी पांढरी आणि खरखरीत हवी. न्हाणीघरात बसवलेल्या लादीच्या उरलेल्या तुकड्याची पाठ त्यासाठी उत्तम. दिसण्यात काळे असलेले खनिज पूड झाले की खरा रंग दाखवते. मॅग्नेटाइटची रेघ काळी उठते, इल्मेनाइटची काळी ते तपकिरी, हेमॅटाइट कितीही काळे दिसले तरी त्याची रेघ लाल. माझ्या स्फटिकाने फिकट, राखाडी-हिरवट, जवळजवळ पांढरी रेघ दिली. लोहाची खनिजे बाद झाली.

कठिनतेने आणखी दोन गेली. फ्रीड्रिख मोस यांनी 1812 मध्ये दहा खनिजांची जी उतरंड लावली ती अजून चालते. काळा अभ्रक तीत अडीच-तीनच्या आसपास, सुईने त्याचे पापुद्रे निघतात. इथे सुई नुसती घसरली. टूर्मलीन 7 ते साडेसात, म्हणजे गारगोटीच्या बरोबरीचे किंवा वरचढ. माझ्या स्फटिकावर गारगोटीने सहज ओरखडा उठला. शिवाय टूर्मलीन फुटते ते काचेसारखे वेडेवाकडे, आणि हा स्फटिक सपाट पृष्ठांवर फुटत होता.

उरले दोघे, ऑजाइट आणि हॉर्नब्लेंड. इथे खरी परीक्षा सुरू होते, कारण ही दोघे सख्ख्या जावांसारखी. रंग तोच, चमक तीच, कठिनता दोघींचीही 5 ते 6, रेघही दोघींची फिकट.

मला वाटले विशिष्ट गुरुत्व उपयोगी पडेल. एक चांगला, स्वच्छ स्फटिक घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेले. त्याच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन होते. "काकू, हा कुठला हिरा?" त्याने विचारले. कोरडे वजन 0.412 ग्रॅम भरले. मग शिवणाच्या बारीक दोऱ्याने स्फटिक पाण्यात लटकता ठेवून तोलला तेव्हा 0.288. घट 0.124 ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनाचे पाणी त्याने बाजूला सारले. 0.412 भागिले 0.124 बरोबर 3.32. मॅग्नेटाइट असते तर 5.2 च्या जवळ आले असते, इल्मेनाइट असते तर 4.7 च्या. ते तर आधीच बाद झाले होते. घरी येऊन पुस्तक उघडले तर ऑजाइट 3.2 ते 3.5 आणि हॉर्नब्लेंड 3.0 ते 3.4. माझा आकडा दोघांच्याही अंगणात. सोनाराचा अर्धा तास फुकट गेला, पण तो स्वतः खूश होता. पाण्यात तोलून सोने तपासता येते हे त्याला ठाऊक होते. दगडही तपासता येतो हे नव्हते.

या दोघांमधला फरक त्यांच्या आतल्या बांधणीत आहे. सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार, असे छोटे चौफलक दोन्ही खनिजांत साखळीने जोडलेले असतात. ऑजाइटमध्ये साखळी एकपदरी, हॉर्नब्लेंडमध्ये दुपदरी. मणी तेच, पण एक एकपदरी माळ आणि दुसरी दुपदरी. खनिज फुटते ते साखळी तोडून नव्हे, दोन साखळ्यांच्या मधून. साखळी अरुंद असेल तर फुटण्याचे दोन पृष्ठ एकमेकांना जवळजवळ काटकोनात भेटतात, 87 आणि 93 अंशांत. साखळी रुंद असेल तर फूट तिला वळसा घालून जाते आणि कोन 56 आणि 124 अंशांचा होतो. खनिजाच्या अशा ठरलेल्या पृष्ठावर फुटण्याला मराठीत पाटन म्हणतात. डोळ्याला न दिसणाऱ्या साखळीची रुंदी या पाटनाच्या कोनात मोजता येते, हे मला पहिल्यांदा वाचले तेव्हा खरेच वाटले नव्हते.

कोन मोजायचा कसा? स्फटिक वालाच्या दाण्याएवढा, कोनमापक त्याला लावता येत नाही. ही अडचण इंग्लंडच्या विल्यम हाइड वुलस्टन यांनी 1809 मध्ये सोडवली. त्यांनी पृष्ठाला काही लावलेच नाही, पृष्ठावरून परावर्तित होणारा उजेड वापरला. त्याच तत्त्वावर घरातल्या घरात काम होते. मी पाटावर मुलाच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक चिकटवला, त्याच्या मध्यबिंदूवर बुचात टाचणी उभी केली आणि टाचणीच्या टोकावर मेणाने स्फटिक बसवला. दोन पृष्ठे जिथे मिळतात ती कड अगदी उभी राहिली पाहिजे, इथेच सारी चिकाटी लागते. खोलीत अंधार, एका बाजूला दिवा, डोळा एका जागी स्थिर. बूच हळूहळू फिरवायचे. पहिले पृष्ठ चमकले की कोनमापकावरचा आकडा घ्यायचा, दुसरे चमकेपर्यंत फिरवायचे, पुन्हा आकडा. मधले अंतर म्हणजे कोन, किंवा 180 मधून वजा केलेला कोन. दोहोंपैकी काहीही आले तरी निकाल बदलत नाही.

पाच स्फटिकांवर मोजले. त्यांतल्या दोघांची कड मेणात सरळ बसेना म्हणून ते सोडून दिले. उरलेल्या तिघांवर प्रत्येकी चार वेळा मोजले. आकडे 84 पासून 95 पर्यंत पसरले. पसारा मोठा आहे, माझ्या टाचणीचा आणि डोळ्याचा तो दोष. पण 56 किंवा 124 च्या आसपास एकही आकडा आला नाही. हॉर्नब्लेंड असते तर माझा हात तीस अंशांनी चुकला असे म्हणावे लागले असते, आणि इतका काही तो कापत नाही.

तरी एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना विनंती करून दगडाचा पातळ छेद करून घेतला. खडक घासून घासून 0.03 मिलिमीटर जाड राहिला की काळे खनिजही काचेसारखे पारदर्शक होते. सूक्ष्मदर्शकाखाली माझे काळे स्फटिक फिकट तपकिरी, जवळजवळ रंगहीन दिसले. खालचा मंच फिरवला तरी रंग बदलला नाही. हॉर्नब्लेंड एवढ्या शांतपणे बसत नाही. ध्रुवित प्रकाशात फिरवले की ते हिरव्यातून तपकिरीत रंग पालटते. ऑजाइटच. मधूनमधून अपारदर्शक, पूर्ण काळे कोनदार ठिपके होते, ते मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटचे. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

खरे तर या सगळ्या खटाटोपाआधी एक प्रश्न विचारला असता तरी 1997 सालचे लेबल मी थांबवू शकले असते : मालगुंडच्या कातळात हॉर्नब्लेंड तयारच कसे होईल? हॉर्नब्लेंडच्या घटनेत पाण्याचा अंश लागतो. दक्षिण ट्रॅपचा लाव्हा त्या मानाने कोरडा होता. कोरड्या, अतितप्त रसातून एकपदरी साखळीचे ऑजाइट निपजते. म्हणूनच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या आपल्या काळ्या कातळात काळा स्फटिक दिसला, तर तो पहिल्यांदा ऑजाइट समजावा आणि दुसरे काही म्हणायचे असेल तर पुरावा द्यावा. मी नेमके उलट केले होते. दगड कुठून आला हे मला पक्के ठाऊक होते, आणि तीच एक गोष्ट मी विचारात घेतली नव्हती.

या खनिजाच्या नावांतही एक चूक दडली आहे, आणि ती मला थोडी दिलासा देते. ऑजाइट हे नाव ग्रीक भाषेतल्या चकाकीवाचक शब्दावरून आले, ते ठीकच आहे. पण ऑजाइट ज्या कुळात मोडते त्याला पायरोक्सीन म्हणतात. हे नाव फ्रान्सच्या रने झ्युस्त आवी यांनी 1796 मध्ये दिले. अर्थ होतो 'अग्नीला परका'. ज्वालामुखीच्या खडकात हे स्फटिक दिसत, पण ते लाव्ह्यातून जन्मलेले नसून वाटेत कुठेतरी त्यात अडकलेले असावेत, अशी त्यांची समजूत होती. स्फटिकशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस. आज जगातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तेच नाव आहे, आणि अग्नीतूनच जन्मलेले हे खनिज अजून अग्नीला परकेच म्हणवले जाते. माझी चूक एका पुस्तिकेपर्यंतच पोचली होती.

मी शिक्षकांना कळवले. ते पुन्हा आले, दगड, कोनमापक, टाचणी सारे त्यांनी स्वतः पाहिले, एक मोजणी स्वतः केली, ती 91 आली. चार पानांचे टिपण गेले याचे त्यांना वाईट वाटलेच असणार, पण ते बोलले नाहीत. त्यांनी वेगळेच विचारले. "मग आपल्या पुळणीवरची काळी वाळू, ती याच स्फटिकांची का?"

मालगुंड-गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर फिरलेल्यांनी ती पाहिलेली असते. फिकट वाळूवर काळ्या रेषा, पट्टे, पावसाळ्यानंतर कुठे कुठे वीतभर थर. या प्रश्नाला मी वीस वर्षांपूर्वी ठोकून 'हो' म्हटले असते. उत्तर बहुतांशी 'नाही' असे आहे, आणि ते का, हे समजले की विहिरीतला दगड, वरचा जांभा आणि खालची पुळण एका ओळीत लागतात.

रसातून जे खनिज आधी, अधिक तापमानाला थिजते ते पृष्ठभागावर ऊनपावसात आधी कुजते, अशी क्रमवारी सॅम्युएल गोल्डिच यांनी 1938 मध्ये मांडली. ऑलिव्हीन आणि ऑजाइट त्या यादीत कुजण्यात पुढे, क्वार्ट्झ अगदी शेवटी. कोकणातला पाऊस आणि उष्णता ऑजाइटला तगू देत नाहीत. त्याच्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशिया धुऊन जातात, लोह मागे राहून गंजते. त्या लोहाने आणि फेल्डस्पारच्या कुजण्यातून आलेल्या ॲल्युमिनाने जांभा बनतो. आमच्या घराचे चिरे म्हणजे बऱ्याच अंशी कुजलेल्या ऑजाइटचा आणि फेल्डस्पारचा राहिलेला गंज. विहिरीत जांभ्याखाली जी पांढरट-जांभळी माती लागली होती ती अर्धी कुजलेली अवस्था, आणि सुरुंग लागला तिथे ताजा दगड.

पातळ छेदातले ते काळे अपारदर्शक ठिपके मात्र या पावसाला बरेच दाद देत नाहीत, त्यांतही इल्मेनाइट तर फारच चिवट. खडक माती झाला तरी ते कण मोकळे होऊन वहाळातून, नदीतून समुद्राला मिळतात. तिथे लाट त्यांना पाखडते. सुपात तांदूळ पाखडताना हलका कोंडा पुढे उडतो आणि खडा मागे राहतो, तशी पावसाळ्यातली जोरदार लाट हलकी वाळू ओढून नेते आणि जड काळे कण पुळणीवर सोडते. हिवाळ्यात हलकी वाळू परत येते आणि काळा थर झाकला जातो. काळ्या वाळूत ऑजाइट अजिबात नसते असे नाही. कड्यावरून थेट समुद्रात पडलेल्या ताज्या दगडाचे काही कण तग धरतात, ते हिरवट काळे आणि भिंगाखाली काचेसारखे दिसतात. पण वाळूचा काळा रंग मुख्यतः मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइटचा.

शिक्षकांना ते तिथेच दाखवता आले. बरणीत वाळू होतीच. साधा चुंबक कागदाखाली फिरवला तर मॅग्नेटाइटचे कण कुरळ्या केसांसारखे उभे राहिले. ते बाजूला काढले. उरलेल्या काळ्यांना साध्या चुंबकाने फारसा फरक पडला नाही, जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून काढलेल्या जबर चुंबकाला मात्र त्यांतले बरेच रेंगाळत चिकटले. ते इल्मेनाइट.

याच प्रयोगातून 1791 मध्ये एक मूलद्रव्य सापडले. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाचे एक धर्मगुरू होते. रसायनशास्त्र त्यांचा फावल्या वेळचा नाद. मॅनॅकन गावच्या ओढ्यात त्यांना चुंबकाला ओढली जाणारी काळी वाळू मिळाली. तिच्यातले लोह वेगळे काढल्यावर एक अनोळखी पांढरी भस्मासारखी वस्तू उरली. चार वर्षांनी जर्मनीत क्लाप्रोट यांना तीच वस्तू दुसऱ्या खनिजात सापडली आणि त्यांनी तिला टायटॅनियम नाव दिले. ग्रेगर यांची वाळू म्हणजे इल्मेनाइट, हे नाव नंतर रशियातल्या इल्मेन डोंगरांवरून पडले. शुद्ध इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम ऑक्साइड सुमारे 52 टक्के. ते वेगळे केले की मिळते जगातले सर्वांत वापरले जाणारे पांढरे रंगद्रव्य. भिंतीच्या रंगात, कागदात, औषधाच्या गोळ्यांवर तेच असते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मिऱ्या उपसागरांतल्या या इल्मेनाइटचा अभ्यास केला तो त्यामुळेच. केरळच्या प्रसिद्ध काळ्या वाळूपेक्षा आपली वाळू निराळी. तिच्यात मोनॅझाइटसारखी खनिजे येतात, कारण ती जुन्या पट्टिताश्मांतून आली आहे. आपल्या वाळूमागे लाव्हा आहे. शिक्षक म्हणाले, "म्हणजे वाळूसुद्धा सांगते, इथे पट्टिताश्म नाही." हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांच्या नव्या टिपणाची सुरुवात त्याच वाक्याने झाली आहे.

पुस्तिकेच्या लेखकांना मी पत्र लिहिले. ते आता खूप वृद्ध आहेत. त्यांच्या मुलाने फोन करून सांगितले की पत्र वाचून दाखवले, आणि बाबा हसले.

दगड शाळेला परत दिला, एक कोपरा कमी. नवे लेबल मुख्याध्यापिकाबाईंनी टंकलिखित करून घेतले : 'ऑजाइट. खडक डोलेराइट, दक्षिण ट्रॅप. मालगुंड, विहिरीतून. पाटनाचा कोन 84 ते 95 अंश (घरगुती मोजणी), विशिष्ट गुरुत्व 3.32, पातळ छेदाने खात्री केली. 1997 च्या लेबलावर हॉर्नब्लेंड लिहिले होते, ते चूक.' जुने लेबल काढून टाकू का, असे शिपायाने विचारले. मी ते दगडाखाली ठेवायला सांगितले, 'डे' वर येईल असे.